पाण्याखालच्या गुहेत जाण्याआधी

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी दवाखाना बंद करण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात एक तरुण आत आला. मूळचा आपल्याच गावचा, आता पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरीला. तान्हा असल्यापासून मी त्याला ओळखतो. हातात तीन-चार पानांचा इंग्रजी फॉर्म होता. म्हणाला, "डॉक्टरकाका, एक सही हवी होती. दोन मिनिटांचं काम आहे."

(त्याची परवानगी घेऊनच हे लिहीत आहे. नाव अर्थातच देत नाही.)

फॉर्म स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेचे नळकांडे बांधून पाण्याखाली जाण्याच्या शिक्षणाचा होता. पहिला कोर्स त्याने अंदमानला केला होता. आता बहामा बेटांवर जाऊन पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये शिरायचे शिकायचे, असा बेत होता. साध्या कोर्सला सगळ्या प्रश्नांची उत्तरे 'नाही' असली तर डॉक्टरची सही लागतही नाही. पण गुहेसाठी याच्या शिक्षकाने ती मागितली होती. फिट येते का, नाही. कानाचे ऑपरेशन, नाही. छातीत कधी हवा भरली होती का, नाही. दमा आहे किंवा पूर्वी होता का, नाही.

या शेवटच्या 'नाही'पाशी मी थांबलो. कारण हा सहा-सात वर्षांचा असताना त्याचे वडील त्याला मध्यरात्री स्कूटरवर पुढे उभा करून माझ्याकडे आणत. वाफ देऊन देऊन पहाटे त्याचा श्वास मोकळा होई. हे तो विसरला असेल, मी विसरलेलो नाही.

"अरे, दमा होता ना तुला?"

"तो लहानपणी हो, काका. आता काही नाही. आणि 'हो' लिहिलं की नसती भानगड. बाकीच्यांनी तर कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडून न बघता सह्या आणल्यात."

हे त्याने खरे सांगितले. खोटे कशाला बोलू, काही वर्षांपूर्वी मीही अशाच एका फॉर्मवर कानात न डोकावता सही केली होती. तो मुलगा पहिल्याच दिवशी कानाचा पडदा फाडून परत आला. समुद्र उथळ होता, म्हणून कानावरच निभावले. गुहेत तसे निभावत नाही. दोन्हींत फरक काय, ते जरा सविस्तर सांगतो, कारण सध्या मालवण-तारकर्लीला बुडी मारून आलेला प्रत्येक दुसरा मुलगा पुढच्या कोर्सची भाषा करतो.

आधी त्या बेटांविषयी. वेस्ट इंडीजच्या बेटांच्या वरच्या अंगाला, अमेरिकेच्या फ्लोरिडा प्रांताच्या पूर्वेला बहामाची बेटे आहेत. ग्रँड बहामा आणि अबाको ही बेटे कर्कवृत्ताच्या किंचित उत्तरेला पडतात, पण हवा उष्ण आणि नारळी-पोफळीची आठवण करून देणारी. सगळी भूमी चुनखडीची. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, तेव्हा पावसाच्या पाण्याने हा दगड पोखरून गुहा तयार झाल्या. छतातून थेंब थेंब ठिबकून लवणस्तंभ लोंबू लागले. पुढे हिम वितळले, समुद्र चढला आणि झुंबरांसकट त्या महालांत पाणी भरले. अबाकोवरच्या गुहांमधले लवणस्तंभ काचेसारखे नाजूक आहेत. वर पावसाचे गोडे पाणी, खाली समुद्राचे खारे, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे डोळ्यांवर तूप फासल्यासारखे धूसर दिसते. ग्रँड बहामाच्या लुकायन गुहांमध्ये १९७९ साली जिल येगर या संशोधक बाईंना एक आंधळा, गोमेसारखा दिसणारा जलचर सापडला. प्राणिशास्त्रात त्याच्यासाठी नवीन वर्गच करावा लागला. २०१९ सालच्या डोरियन वादळाने याच दोन बेटांची धूळधाण केली होती.

तेव्हा मुलाला तिथे जावेसे वाटले यात मला वेडेपणा दिसत नाही. "कशाला हव्यात नसत्या उचापती" म्हणणाऱ्या मंडळींत मी नाही. आपल्या पोरांनी सह्याद्रीचे सुळके चढावेत तसे पाण्याखालीही जावे. माझा आक्षेप त्या फॉर्मवरच्या 'नाही'ला आहे.

उघड्या समुद्रात काही बिघडले तर डोक्यावर आकाश असते. हळूहळू वर यायचे, सुटलात. गुहेत डोक्यावर दगड असतो. वर जाण्याची वाट म्हणजे आलो तीच वाट, आणि ती शंभर मीटर मागे असेल तर शंभर मीटर मागे गेल्याशिवाय श्वास नाही. बाहेर जो त्रास केवळ त्रास असतो, तो आत जिवावर बेततो.

पुष्कळांचा समज असतो की पाठीवर ऑक्सिजन असतो. तसे नाही, बहुतेक वेळा ती आपली साधी हवाच असते, दाबून भरलेली. बारा लिटरच्या नळकांड्यात २०० पट दाबाने सुमारे २,४०० लिटर हवा मावते. पृष्ठभागावर सावकाश पोहणारा माणूस मिनिटाला साधारण २० लिटर हवा घेतो असे धरू. पण दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाचा दाब वाढतो. २० मीटरवर दाब तिप्पट, म्हणून हवाही तिप्पट लागते, मिनिटाला ६० लिटर. हिशेबाने ४० मिनिटे पुरेल. गुहेचा नियम असा की एक तृतीयांश हवा आत जायला, एक तृतीयांश बाहेर यायला आणि उरलेली एक तृतीयांश अडीअडचणीला, मुख्यतः जोडीदाराची हवा संपली तर त्याच्यासाठी. म्हणजे सुमारे तेरा मिनिटे आत जायचे आणि काटा तिथे आला की समोर कितीही सुंदर दालन दिसत असले तरी फिरायचे.

आता समजा, फिरता फिरता माणूस घाबरला, किंवा त्याची छाती आवळली. श्वास भराभर चालू झाला, मिनिटाला २० चे ६० लिटर झाले. खाली त्याचे होतात १८० लिटर. परतीच्या तेरा मिनिटांना २,४०० लिटर लागतील आणि जवळ उरलेत १,६००. जोडीदाराच्या वाट्याची हवासुद्धा त्याने संपवली आणि तरीही तो दारापर्यंत पोचला नाही. गुहेत जाणारे पाठीवर बहुधा दोन नळकांडी नेतात, पण दोन्ही बाजूंचे आकडे दुप्पट केले तरी प्रमाण तेच राहते. फॉर्मवरचा दम्याचा प्रश्न मला एवढा महत्त्वाचा वाटतो तो या गणितामुळे.

दम्याचे आणखी एक आहे. नळकांड्यातली हवा कोरडी आणि गार असते. पोहण्याचे श्रम आणि गार कोरडी हवा, दोन्ही एकत्र आले की संवेदनशील श्वासनळ्या आकसतात. आकसलेल्या नळीमागे हवा अडकते. वर येताना दाब कमी होतो तशी ती अडकलेली हवा फुगते, फुप्फुसाला चीर पाडू शकते आणि तिचा बुडबुडा रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतो. पूर्वी दमा म्हटले की सरसकट मनाई असे. आता तसे नाही. दमा नीट आटोक्यात असेल, श्रमाने किंवा गारव्याने उठत नसेल आणि फुप्फुसाची तपासणी चांगली आली, तर काहींना परवानगी मिळते. पण तपासायला आधी 'हो' तर लिहिले पाहिजे.

कानाचेही तसेच. खाली जाताना कानात दडे बसतात. नाक दाबून हलकी फुंकर मारली की घशातून कानाकडे जाणारी नळी उघडते आणि दडा सुटतो. सर्दी असली की ती नळी सुजलेली असते. मुले काय करतात, सर्दीची गोळी घेऊन किंवा नाकात थेंब टाकून पाण्यात उतरतात. उघड्या समुद्रात एकदा खाली, एकदा वर. गुहेची वाट मात्र घाटासारखी चढ-उताराची असते, एका फेरीत चार-सहा वेळा कान उघडावे लागतात. मध्येच औषधाचा असर ओसरला तर आत हवा कोंडते, वर सरकताना कान फुटेल असे दुखते, कधी गरगरते. वर सरकणे हाच बाहेरचा रस्ता असेल तर काय करणार? म्हणून सर्दीत डुबकी नाही, गोळी घेऊनही नाही. तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील.

गुहेचा शिक्षक शिकवतो काय? अर्धे शिक्षण परत फिरण्याचेच असते. पहिले काही दिवस दाराचा उजेड दिसेल तेवढ्याच अंतरात. दारापासून आतपर्यंत अखंड नायलॉनची दोरी, तिच्यावर बाहेरची दिशा दाखवणारे बाण. प्रत्येकाकडे तीन बॅटऱ्या. पाय असे मारायचे की तळाचा गाळ हलणार नाही, कारण एक फटका चुकीचा बसला की काही क्षणांत हाताचा पंजाही दिसेनासा होतो. मग मास्कवर फडके बांधून, अंगठा आणि बोट यांत दोरी धरून आंधळ्यासारखे बाहेर यायचे. दोरी सुटली तर ती शोधायची. जोडीदाराला लांब नळीने हवा द्यायची. समुद्राला जोडलेल्या काही विवरांत भरती-ओहोटीबरोबर पाणी आत ओढले जाते आणि बाहेर फेकले जाते, म्हणून वेळापत्रकही पाठ करायचे. काही विवरांत सडक्या अंड्याच्या वासाच्या वायूचा, हायड्रोजन सल्फाइडचा थर असतो. तो कातडीतूनही अंगात शिरतो, डोके दुखते, मळमळते. त्यातून थांबायचे नाही, सरळ पार व्हायचे.

हे नियम कोणी खोलीत बसून केलेले नाहीत. शेक एक्सली नावाच्या अमेरिकन पाणबुड्याने गुहांमधल्या मृत्यूंचा एकेक करून अभ्यास केला आणि १९७९ साली एक पुस्तिका काढली. दोरी नव्हती, हवेचा तिसरा हिस्सा राखला नव्हता, फार खोल गेले, हीच कारणे पुन्हा पुन्हा. शिक्षण नसणे आणि दिवे अपुरे असणे ही पुढे त्यात जोडली गेली. परदेशात बऱ्याच गुहांच्या तोंडाशी सांगाड्याचे चित्र काढलेल्या पाट्या असतात, आणि त्यांवर लिहिलेले असते की उघड्या समुद्राचे शिक्षकसुद्धा अशा ठिकाणी मेले आहेत. एक्सली स्वतः १९९४ साली मेक्सिकोत, विक्रमी खोली गाठण्याच्या प्रयत्नात गेला.

मलेशियात सिपादान म्हणून बेट आहे. तिथल्या पाण्याखालच्या एका गुहेत समुद्री कासवांचे सांगाडे पडले आहेत. जन्मभर समुद्रात राहणारे, पण श्वासाला वर यावे लागणारे हे जनावर. अंधारात वाट चुकले आणि बुडून मेले.

घाबरण्याविषयी एक दाखला वाचकांच्या स्मरणात असेल. २०१८ च्या जून-जुलैत थायलंडच्या थाम लुआंग गुहेत फुटबॉल खेळणारी बारा मुले आणि त्यांचा प्रशिक्षक पुरामुळे अडकले. पाणी उपसण्याच्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे अभियंतेही होते, त्यामुळे आपल्याकडे त्याची चर्चा झाली. मुलांना पाण्याखालून काढताना ऑस्ट्रेलियन भूलतज्ज्ञ डॉ. रिचर्ड हॅरिस यांनी त्यांना केटामिन देऊन बेशुद्ध केले होते. शुद्धीवर असती तर आत घाबरून त्यांनी स्वतःचा आणि नेणाऱ्याचाही जीव घेतला असता, हा हिशेब होता. नौदलाचे माजी जवान समान गुनान त्याच गुहेत ६ जुलैला हवा संपून गेले. ते तर तयारीचे, धडधाकट गडी होते.

रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा आजार वेगळा. सोड्याची बाटली एकदम उघडल्यावर होते तसे. त्यावर उपाय म्हणजे दाबाच्या खास खोलीत ठेवणे. मुंबईला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात ती सोय आहे, पण लहान बेटावर ती दाराशी नसते. आणि शेवटच्या डुबकीनंतर लगेच विमानात बसू नये. अनेक दिवस डुबक्या मारल्या असतील तर निदान १८ तास जाऊ द्यावेत.

आता पुन्हा त्या मुलाकडे. मी सही केली नाही. तो रागावला. "काका, तुम्हीसुद्धा?" म्हणाला. मी त्याला एवढेच विचारले की आत तुला धाप लागली तर तुझ्या जोडीदाराच्या फॉर्मवर ते कुठे लिहिलेले आहे? जिल्ह्याच्या छातीच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. फुंकण्याची तपासणी आधी आणि पट्ट्यावर पळवल्यानंतर, अशी दोनदा करा म्हणून.

पंधरा दिवसांनी तो कागद घेऊन आला. आधीची फुंक उत्तम. पळाल्यानंतर दहा मिनिटांनी ती जवळजवळ पाचवा हिस्सा उतरली होती, आणि त्याला स्वतःला काहीच जाणवले नव्हते. बराच वेळ तो त्या आकड्यांकडे बघत बसला.

"मग जाऊच नको का?"

"जा की. बेट बघ, वरून पोह, मास्क लावून पाण्यात डोकाव. औषध सुरू करू, सहा महिन्यांनी पुन्हा पळवू. तेव्हा काय येईल ते बघू."

तिकीट त्याने रद्द केलेले नाही, फक्त कोर्स पुढे ढकलला. फॉर्म माझ्या खणात आहे. दम्यापुढची 'नाही'ची खूण त्याने जाताना स्वतःच खोडली.