आमची टाकी भरतच नाही!

आपल्याकडे घराचे कौतुक सांगताना घरमालक एक वाक्य हमखास ऐकवतात : "वीस वर्षे झाली, आमची शौचालयाची टाकी एकदाही उपसावी लागली नाही!" ऐकणाराही मान डोलावतो. माझ्या मते ही अभिमानाची नव्हे, काळजीची गोष्ट आहे.

टाकीचे काम साधे असते. मैला तळाशी बसतो, हवेवाचून कुजतो आणि वरचे पाणी बाहेर पडते. ते पाणी नितळ दिसले तरी शुद्ध नसते. ते शोषखड्ड्यातच जायला हवे. गाळ मात्र साचतच राहतो. म्हणून दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावीच लागते. जी भरतच नाही, तिचा तळ तरी कच्चा असतो, नाहीतर मैला पाण्याबरोबर नालीत वाहत असतो. तळ कच्चा असला तर हे पाणी आपल्या काळ्या खडकाच्या भेगांत उतरते, आणि त्याच अंगणात आपली बोअर असते! उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसले म्हणजे आपण तिचेच पाणी पितो.

वत्सगुल्म ही वाकाटकांची राजधानी होती, हे आपण दर अंकात लिहितो. (तो लेख याही अंकात असेलच.) पण आजच्या वाशिमच्या पोटात काय चालले आहे, त्यावर कुणी लिहीत नाही. विषय घाण आहे ना!

भुयारी गटार होईल तेव्हा होईल. वाई हे आपल्या वाशिमहून लहान गाव. तेथे नगरपालिकेने दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी पाळीपाळीने उपसण्याची पद्धत घातली. टाकी तुंबल्यावर धावाधाव नाही. उपसलेल्या मैल्यासाठी २०१८ साली दिवसाला सत्तर हजार लिटर क्षमतेचे प्रक्रिया केंद्र उभे राहिले. सिन्नरनेही तोच मार्ग धरला. केंद्र बांधणे त्या मानाने सोपे; पाळी पाळणे अवघड. पाळी नसेल तर केंद्र रिकामे राहते आणि टँकर रात्री गावाबाहेरच्या नाल्यावर रिता होतो.

मैला वाळवायला वैदर्भीय उन्हासारखे साधन नाही. मात्र नुसता वाळला म्हणजे खत झाले, असे नाही. जंतांची अंडी त्यात महिनोन्महिने टिकतात. नीट कुजवून, पुरेसा काळ ठेवून तो कपाशीला किंवा झाडांना घालावा, कोथिंबिरीला नको. आप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत सोनखताचे हेच प्रयोग स्वतःच्या हातांनी केले. पाण्याचेही तसेच. नागपूरचे सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्रात वापरले जाते. आपण मात्र एकबुर्जीचे पाणी एकदा वापरून नालीत सोडतो आणि मे महिन्यात आकाशाकडे पाहतो.

आणखी एक. टाकीत माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. वर्षानुवर्षे न उपसलेल्या टाकीतला गाळ दगडासारखा घट्ट होतो, नळीने निघत नाही. मग कुणाला तरी आत उतरवले जाते. तो कुणाच्या घरचा असतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो. यंदा झाडू ठेवून वही घ्यावी आणि घरोघर दोनच प्रश्न विचारावेत : टाकी शेवटची केव्हा उपसली? बोअर तिच्यापासून किती हातांवर आहे? आलेली यादी नगरपालिकेला द्यावी. पहिली नोंद आपल्या वसतिगृहाची असावी.