चढावर गाडी दम तोडते तेव्हा

चिपळूणच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. भाऊ कुवेतला आहे, त्याची 1997 सालची कार्बोरेटरवाली मारुती 800 दारात असते. अब्बांना डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा कऱ्हाडला न्यावे लागते आणि गाडी त्या स्वतःच चालवतात. गावात गाडी नीट चालते, पण कुंभार्ली घाट सुरू झाला की झटके मारते, पिकअप जातो, दोनदा तर वळणावरच बंद पडली. दहा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू. गॅरेजवाल्याने प्लग बदलले, कॉइल बदलली. पैसे गेले, तकलीफ तशीच. "भाऊसाहेब, गाडी विकावी का?" असे त्या विचारतात.

बेटी, विकण्याचे नंतर बघू. तुम्ही जे लिहिले आहे त्यात आजार जवळजवळ सांगूनच टाकला आहे.

गावात हळू चालताना इंजिनाला पेट्रोल थोडेच लागते, ते अर्धवट तुंबलेल्या फिल्टरमधूनही येते. घाटात पाय दाबला की मागणी वाढते, फिल्टर तेवढे देऊ शकत नाही आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी होते. थांबल्यावर ती हळूहळू भरते, म्हणून गाडी पुन्हा सुरू होते. प्लग किंवा कॉइलचा दोषही चढावर दिसू शकतो, पण तुमच्याकडे ते दोन्ही बदलूनही तकलीफ तशीच आहे.

फिल्टर म्हणजे प्लास्टिकची छोटी डबी, आत घडी घातलेला कागद. पेट्रोलच्या नळीचा माग काढत गेलात की सापडते. काही गाड्यांत बॉनेटखाली, काहींत टाकीजवळ गाडीच्या पोटाशी. पारदर्शक असेल तर आतला कागद चहासारखा तपकिरी झालेला डोळ्यांनीच दिसतो. काही कारागीर ती डबी हवेने फुंकून परत लावतात. तसे करू देऊ नका. उलट्या हवेने कागद फाटतो आणि कचरा थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये जातो. कागदाचा फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो. धुता येते ती टाकीतली तारेची जाळी.

त्याआधी फुकटची एक परीक्षा. गाडी दम तोडू लागली की बाजूला घेऊन टाकीचे झाकण उघडा. "फुस्स" करून हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी बरी चालली, तर झाकणाचे किंवा टाकीचे हवेचे छिद्र बंद आहे, फिल्टर निर्दोष. आणि त्रास फक्त भर दुपारी, इंजिन तापल्यावरच होत असेल, तर नळीत पेट्रोलची वाफ धरते का तेही बघायला हवे.

फिल्टर बदलण्याचे काम छोटे आहे, पण पेट्रोलचे आहे. इंजिन पूर्ण थंड, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, गाडी उघड्यावर, जवळ बिडी-सिगारेट नाही, मुले घरात. फिल्टर गाडीखाली असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून आत शिरू नका. डबीवर बाण असतो, तो पेट्रोल जाते त्या दिशेला, म्हणजे इंजिनाकडे. रबरी नळीला चिरा दिसल्या तर तीही आणि क्लिपाही बदला. गाडी सुरू करून दोन मिनिटे सांध्यांवर नजर ठेवा. ओल दिसली तर लगेच बंद. इंजेक्शनच्या गाडीत मात्र नळीत दाब असतो, ती घरी खोलू नका.

आणखी एक. टाकी रिकामी करायला नळीने तोंडाने पेट्रोल ओढण्याची आपल्याकडे सवय आहे. पेट्रोल फुप्फुसात गेले तर माणूस जिवाला मुकू शकतो. कोणाच्या पोटात गेलेच तर उलटी करवू नका, सरळ दवाखाना गाठा.

आता हा कचरा येतो कुठून? तुमच्याच पत्रात उत्तर आहे: "भाऊ ईदला आला की गाडी फिरते, एरवी उभीच असे." कोकणातल्या किती दारांत अशा गाड्या उभ्या आहेत! अर्ध्या टाकीत कोकणची दमट हवा भरते, पाणी धरते, पत्रा गंजतो. जुन्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर बसतो. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते, जुना थर सोडवते आणि सगळे फिल्टरमध्ये येऊन अडकते. 1997 च्या गाडीचे रबर तर या पेट्रोलसाठी बनलेलेच नव्हते, म्हणून नळ्यांवर लक्ष ठेवा.

तेव्हा बेटी, नवा फिल्टर लावा आणि आधी रिकाम्या गाडीने, सोबत कोणाला घेऊन, घाट चढून या. अब्बांना लगेच बसवू नका. तोवरच्या फेऱ्या भाड्याच्या गाडीने करा, डायलिसिस चुकता कामा नये. आठवड्यात नवा फिल्टरही तपकिरी झाला, तर टाकी उतरवून साफ करावी लागेल. आतून पत्रा सडलेला निघाला तर टाकीच बदला. तो खर्च भावाला आधी कळवा. गाडी विकायची की नाही हे टाकी बघितल्यावर ठरवा. मला विचाराल तर नुसत्या फिल्टरपायी मी ती विकणार नाही.