आधी सांगा, मग सही घ्या

मंगळवारी रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. "मामा, अपेंडिक्सचं दुखणं निघालंय. सकाळी सातला ऑपरेशन आहे, सही मागतायत." वय सत्तावीस. सीटी स्कॅन झालेला. अपेंडिक्स सुजलं होतं, पण फुटलेलं नव्हतं, गळू नव्हतं, आत खडाही नव्हता. औषधांवर थांबता येईल का, याबद्दल कोणी काही बोललं का, असं मी विचारलं. "नाही. फुटलं तर जिवावर बेतेल, एवढंच म्हणाले." संमतीपत्र नेहमीप्रमाणे इंग्रजीत.

अपेंडिसायटिस प्रतिजैविकांनीही बरा होतो, असं या सदरात लिहिलं तेव्हा काही सर्जन मित्र नाराज झाले होते. 'पुन्हा उलटतो' हा त्यांचा आक्षेप. तो खरा आहे. पण कोणाला उलटतो आणि किती जणांना, हे दोन मोठे अभ्यास शेजारी ठेवले की कळतं.

पहिला फिनलंडचा, २०१५ साली प्रसिद्ध झालेला. ५३० प्रौढ रुग्ण. प्रत्येकाचा सीटी स्कॅन केलेला. फुटलेलं अपेंडिक्स किंवा खडा असलेले आधीच वगळलेले. २५७ जणांना तीन दिवस शिरेतून आणि पुढे सात दिवस तोंडावाटे प्रतिजैविकं दिली. वर्षभरात त्यांतल्या शंभरातल्या २७ जणांचं ऑपरेशन करावं लागलं, पाच वर्षांत शंभरातल्या ३९ जणांना दुखणं उलटलं. पहिल्या वर्षात उशिरा ऑपरेशन झालेल्यांपैकी कोणाच्याही पोटात त्या उशिरामुळे गळू झालं नाही.

दुसरा अमेरिकेचा, २०२० सालचा. २५ रुग्णालयं, १५५२ प्रौढ. इथे खडा असलेल्यांनाही घेतलं होतं. औषधं दिलेल्यांपैकी शंभरातल्या २९ जणांचं ऑपरेशन ९० दिवसांतच झालं. पण खडा असलेल्यांत हे प्रमाण ४१ होतं आणि नसलेल्यांत २५. तीन-चार वर्षांत एकूण आकडा निम्म्यावर गेला.

म्हणजे 'औषध की ऑपरेशन' हा वाद सगळ्यांसाठी एकदम घालण्यात अर्थच नाही. जवारीच्या दाण्याएवढा खडा सगळं गणित फिरवतो. तो असेल, तर मी स्वतः ऑपरेशनकडे झुकेन. नसेल, तर औषध हा पहिला उपाय म्हणून समोर ठेवायलाच हवा.

माझ्या बाजूचं दुबळेपणही सांगतो. फिनलंडमध्ये बहुतेक ऑपरेशनं पोट उघडून झाली. आपल्या शहरांत आज ती दुर्बिणीतून होतात आणि माणूस लवकर उठतो. आपल्याकडचे जंतू प्रतिजैविकांना अधिक निर्ढावलेले आहेत, त्यामुळे तिकडचे आकडे इथे जसेच्या तसे लागू होतील, असं मी म्हणणार नाही. सीटी स्कॅनची सोय नसेल तिथे हा प्रयोग करू नये. आणि मेडिकलमधून आणलेल्या दोन दिवसांच्या गोळ्या म्हणजे हा उपचार नव्हे; डॉक्टरांची नजर हवीच.

तरीही रुग्णाला सांगण्याचं कर्तव्य टळत नाही. संमती घेताना उपलब्ध पर्यायही सांगितले पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच बजावलं आहे.

भाच्याने सकाळी डॉक्टरांना विचारलं. ते दहा मिनिटं बसले, दोन्ही बाजू नीट समजावल्या. मग त्याने ऑपरेशनच निवडलं. तो मर्चंट नेव्हीत आहे. महिन्याने सहा महिन्यांसाठी जहाजावर चढायचं, आणि भर समुद्रात दुखणं उलटलं तर सर्जन कुठून आणायचा? त्याच्यासाठी तो निर्णय योग्यच होता. घरी बसून परीक्षा देणाऱ्या मुलीचा किंवा हातावर पोट असलेल्या रिक्षावाल्याचा निर्णय वेगळा असू शकतो.

त्या दहा मिनिटांसाठी कोणाला मामाला फोन करावा लागू नये. तुमच्या घरात ही वेळ आली, तर सही करण्याआधी विचारा: फुटलंय का, खडा आहे का, औषधांवर थांबता येईल का? आणि उत्तर मराठीत मागा.