आधी हिशेब, मग गेट : कारखानदारांना जाहीर इशारा

चाकण, रांजणगाव, तळेगाव आणि भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यांची व्यवस्थापनं, त्यांचे एचआर अधिकारी आणि त्यांना सल्ला देणारे वकील, यांच्यासाठी हा इशारा आहे. कामगार बंधू-भगिनींनीही तो शेवटपर्यंत वाचावा. डाव तुमच्यावर टाकला जातो, आणि तो तुमच्याच सहीने पुरा होतो.

डाव सगळ्यांच्या पाहण्यातला आहे. पहिल्या पाळीला आलेल्या माणसाला सुपरवायझर सांगतो, "तुला ऑफिसात बोलावलंय." मोबाइल बाहेर ठेवायला लावतात. टेबलावर छापील कागद तयार असतो. त्यावर नाव आणि टोकन नंबर आधीच भरलेले असतात आणि खाली एक ओळ असते, "वैयक्तिक कारणास्तव मी राजीनामा देत आहे." आज सही केलीस तर एक पगार जास्त देऊ, नाही केलीस तर उद्या गेटवर कार्ड चालणार नाही आणि अनुभवाचा दाखलाही मिळणार नाही, असं सांगितलं जातं. घरी फोन करायलासुद्धा सवड देत नाहीत.

वीस वर्षांपूर्वी अशाच एका टेबलासमोर मी बसलो होतो. घरात तान्ही मुलगी होती, घराचा हप्ता चालू होता. मी सही केली. त्या सहीने मी काय घालवलं, हे दीड वर्षाने एका कामगार वकिलाने हिशेब मांडून दाखवलं तेव्हा कळलं. म्हणून आज हा हिशेब सगळ्यांसमोर मांडतो आहे.

काम कमी झालं म्हणून माणूस कमी करणं, याला कायद्यात कामगार कपात म्हणतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू आहे. तिच्या कलम ७० नुसार एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करायची तर कारण लिहून एक महिन्याची नोटीस द्यावी लागते, नाहीतर त्या महिन्याचा पगार द्यावा लागतो. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचं सरासरी वेतन नुकसानभरपाई म्हणून द्यावं लागतं. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून जास्त सेवा झाली असेल तर तेही पूर्ण वर्ष धरतात. सरकारलाही कळवावं लागतं. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की वर्षाची सेवा झाली. मधे ब्रेक दिला, टोकन नंबर बदलला, म्हणून भरलेले दिवस पुसले जात नाहीत.

व्यवस्थापनांनी या कलमाची रचना नीट वाचावी. या अटी पूर्ण होईपर्यंत कपात करता येणार नाही, असं कायदा सांगतो. पैसे नंतर बघू, फुल अँड फायनल तीन महिन्यांनी करू, हेड ऑफिसची मंजुरी यायची आहे, या सबबींना त्यात जागा नाही. हा अर्थ आमच्या मनाचा नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली आलेल्या कलम २५-फ मध्ये याच अटी होत्या. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातल्या दोन वॉर्ड सेविकांना भरपाई न देता कामावरून काढलं, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. समोर खुद्द मुंबई सरकार होतं. १९६० साली न्यायालयाने निकाल दिला की कपातीच्या वेळीच भरपाई देणं ही पूर्वअट आहे आणि ती मोडली तर कपातच बेकायदा ठरते. दोघींना परत कामावर घेण्याचा आदेश कायम राहिला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर साताऱ्यात जन्मलेले, पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले. दोन वॉर्ड सेविकांपुढे राज्य सरकारचं चाललं नाही, तिथे तुमच्या कंपनीचं चालेल या भ्रमात राहू नका.

"कंपनीच विकली, आता आमचा काय संबंध?" ही सबबही जुनी आहे. मिरज, पंढरपूर, बार्शी, लातूर अशी धावणारी बार्शी लाइट रेल्वे १९५४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. कामगारांनी भरपाई मागितली. धंदाच हातातून गेला तर ती कपात होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५६ च्या अखेरीस म्हटलं आणि कामगार हरले. पण १९५७ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून ती फट बुजवली. कारखाना बंद केला तरी भरपाई द्यायची, आणि विकला तरी द्यायची. नव्या मालकाने सेवा खंड न पाडता जुन्याच अटींवर पुढे चालवली आणि मागच्या वर्षांची जबाबदारी घेतली, तरच यातून सूट मिळते. हे तत्त्व नव्या संहितेतही आहे. तोटा झाला, माल पडून आहे, जागेचा भाडेपट्टा संपला, ही कारणं सांगून भरपाई कमी करता येत नाही.

तळेगाव आपल्या डोळ्यांसमोर घडलं. जनरल मोटर्सच्या कारखान्यात डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबलं. एप्रिल २०२१ मध्ये १,४१९ कामगारांना ले-ऑफची नोटीस मिळाली. पुढे कारखाना ह्युंदाईकडे गेला. कामगारांच्या वाट्याला तारखा आणि आंदोलनं आली. तिथले कामगार संघटित होते, म्हणून निदान लढू शकले. एकेकट्याला खोलीत बोलावून राजीनामा घेतलेल्या माणसाच्या बाजूने उभं राहायला कोणीच नसतं.

आता राजीनाम्याच्या त्या कागदाची किंमत काढू. चौदा वर्षं सेवा झालेला एक कामगार घ्या. हिशेबासाठी त्याचं वेतन महिना २६,००० रुपये धरा. ग्रॅच्युइटी काढताना महिन्याचे २६ दिवस धरून वर्षाला पंधरा दिवसांचं वेतन मोजतात. ते १५,००० होतं आणि चौदा वर्षांचे २,१०,००० रुपये होतात. पाच वर्षं झालेली असल्याने राजीनामा दिला तरी ही रक्कम मिळतेच. तिला कंपनीची मेहेरबानी समजू नका. कपात झाली तर त्यावर भरपाई मिळते. पंधरा दिवसांचे १३,००० प्रमाणे चौदा वर्षांचे १,८२,००० रुपये. नोटिशीच्या महिन्याचे २६,००० रुपये. नव्या संहितेत पुनर्कौशल्य निधी आहे. त्यात मालकाने पंधरा दिवसांचं वेतन भरायचं आणि कपातीपासून ४५ दिवसांत ते कामगाराच्या खात्यात जमा व्हायचं. त्याचे १३,००० रुपये. कपात म्हणून कागदावर आलं तर एकूण ४,३१,००० रुपये. राजीनामा म्हणून आलं तर २,१०,०००. रजेचा पगार आणि बोनस दोन्हीकडे वेगळा. म्हणजे त्या एका सहीने २,२१,००० रुपये कंपनीच्या खिशात राहतात. त्यातला एक पगार परत देऊन उपकाराची भाषा करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, आता हा हिशेब कामगारालाही येतो.

हिंजवडी, खराडीतल्या संगणकावर काम करणाऱ्या मुला-मुलींनाही हे सांगणं आहे. पत्रावर 'लीड' किंवा 'मॅनेजर' लिहिलं की कामगाराचे हक्क संपले, असं समजू नका. न्यायालय पदाचं नाव पाहत नाही, दिवसभर हाताने काय काम करता ते पाहते. खरोखर व्यवस्थापन करणारा माणूस कामगाराच्या व्याख्येबाहेर जातो. महिना १८,००० रुपयांहून जास्त वेतनावर देखरेखीचं काम करणाराही बाहेर जातो. तांत्रिक काम करणारा मात्र व्याख्येत आहे, त्याचा पगार कितीही असो.

व्यवस्थापनांकडे आमच्या मागण्या अशा :

१. गेल्या सहा महिन्यांत दबावाखाली घेतलेले राजीनामे पंधरा दिवसांत रद्द करा. त्या कामगारांना कामावर घ्या, नाहीतर कपात म्हणून कायदेशीर हिशेब चुकता करा.

२. कपातीआधी त्या त्या विभागाची सेवाज्येष्ठता यादी फलकावर लावा. शेवटी आलेला आधी जातो, हा नियम आहे. तो मोडायचा असेल तर कारण लिहून द्या. संघटनेत बोलणारा, आजारी पडलेला, बाळंतपणाहून परतलेली, यांना वेचून काढणं थांबवा.

३. कपातीनंतर वर्षभरात त्याच कामाला माणूस घ्यायचा झाला तर पहिला हक्क काढलेल्या कामगाराचा आहे. महिन्याभरात त्याच मशीनवर ठेकेदाराचा किंवा प्रशिक्षणार्थी पोरगा उभा करणं बंद करा.

४. शेवटचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्या, तो वेतन संहितेचा आदेश आहे. ग्रॅच्युइटी तीस दिवसांत द्या, उशीर झाला तर व्याजासह.

५. तीनशे किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यात सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय कपात करू नका. पूर्वी ही मर्यादा शंभर होती. आता ती वाढली म्हणून हजेरीपट फोडून आकडा खाली दाखवाल, तर मागच्या बारा महिन्यांची रोजची सरासरी आम्ही मोजून घेऊ.

मुदत आजपासून पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी प्रत्येक प्रकरण समेट अधिकाऱ्यापुढे जाईल, आणि तिथे ४५ दिवसांत मिटलं नाही तर थेट औद्योगिक न्यायाधिकरणात. देणी ठरूनही बुडवलीत तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होतील. परवानगी न घेता कपात केली तर एक लाखापासून दहा लाखांपर्यंत दंड आहे. कामगार आयुक्तालयालाही सांगतो : अर्ज कपाटात ठेवून तारखा वाढवू नका. प्रत्येक अर्जाची पोच आणि तारीख आमच्याकडे राहील आणि ती चारचौघांत वाचली जाईल.

कामगारांनो, आता तुमच्यासाठी. त्या खोलीत कोरा किंवा छापील कागद समोर आला तर सही करू नका. "घरी दाखवून उद्या देतो," एवढंच बोला आणि उठा. हा तुमचा हक्क आहे. जबरदस्तीने सही घेतलीच, तर त्याच दिवशी ईमेल आणि स्पीड पोस्टाने कंपनीला कळवा की राजीनामा दबावाखाली घेतला आहे आणि मी तो मागे घेतो आहे. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी गेटवर हजर राहा. आत सोडलं नाही तर तारीख-वेळ लिहून ठेवा, दोन साक्षीदारांची नावं घ्या. पगाराच्या पावत्या, नेमणूकपत्र, हजेरीचे मेसेज आणि पीएफचं पासबुक आजच घरी एका फाइलमध्ये लावा. काढून टाकल्यापासून दोन वर्षांत दाद मागावी लागते. त्यानंतर खरं असूनही दार बंद होतं. मुदतीच्या करारावर असाल तर मुदत संपणं ही कपात धरली जात नाही, पण वर्षभर सेवा झाली असेल तर तुम्हालाही सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. ती सोडू नका.

ज्याला आज खोलीत बोलावलं, त्याच्याबरोबर दोघे जण दारापर्यंत जा. उद्या तुमचं नाव येईल तेव्हा तोही येईल.

काम नसेल तर कपात करायची सोय कायद्याने मालकाला दिली आहे, आणि त्या सोयीची किंमतही ठरवून दिली आहे. ती किंमत आधी कामगाराच्या हातात पडली पाहिजे, गेट त्यानंतर. पंधरा दिवस मोजायला आजपासून सुरुवात झाली आहे.