रंगपेटी कुणाची?

मैत्रिणींनो, बाईने चित्र काढणं आपल्याकडे नवं नाही. दारात रांगोळी घालणारे हात बायकांचेच. वारली घरांत लग्नाचा चौक भिंतीवर काढणाऱ्याही सवाशिणीच. पण ती कला दाराची, सणाची, लग्नकार्याची. काहीही निमित्त नसताना बाईने केवळ स्वतःसाठी कागद घेऊन बसावं, हे घराला रुचत नाही. आपल्या संघटनांनाही फारसं रुचत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी रंगीत पेन्सिली आणि अल्कोहोल मार्करनी चित्रं काढते. फुलं, भाजी, खिडकीतून दिसणारी गच्ची, असंच काहीबाही. हे मार्कर मुलांच्या स्केचपेनपेक्षा वेगळे. त्यांची शाई चटकन वाळते आणि कागदाच्या पाठीमागे उतरते, म्हणून खाली जाड कागद ठेवायचा. वास येतो, म्हणून खिडकी उघडायची. आधी मार्कर, वर पेन्सिल. उलट केलं तर पेन्सिलीचं मेण मार्करच्या टोकात अडकतं. पहिला थर ओला आहे तोवर शेजारची छटा लावली, तर दोन्ही रंग एकमेकांत सुरेख मिसळतात. मधेच उठून कुकर बंद करून आलं, की वाळलेल्या कडेची रेघ कायमची उमटते.

बाईच्या दिवसात न तुटणारा वेळ किती कमी असतो, हे त्या रेघेइतकं स्पष्ट मला कुठल्याच अहवालाने दाखवलं नाही. तरी आकडेही पाहू. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. २०२४ मध्ये बाईची २८९ झाली आणि पुरुषाची ८८. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली, तर पुरुषानेही आपली नऊ कमी करून घेतली!

वस्तीतल्या आमच्या गटात महिन्यातून एकदा तासभर चित्रं काढतो. मार्करचा एकच संच सगळ्यांत फिरतो. पेन्सिली बहुतेक मुलांच्या दप्तरातले उरलेले तुकडे. एक जण म्हणाली, "दरवर्षी रंगपेटी मीच आणते, टोकंही मीच करून देते. पण पेटी कधी माझी नव्हती."

भेटीला येणारे पाहुणे हमखास विचारतात, "याची भेटकार्डं करून विकता येतील का?" उत्पन्नाला माझा विरोध नाही. पण पुरुष पत्ते खेळायला बसला तर त्यातून काय मिळणार, असं त्याला कुणी विचारत नाही. बाईच्या तासाने मात्र पैसा तरी आणावा, नाहीतर संस्कार तरी करावेत!

काही कार्यकर्त्या म्हणतात, पाणी नाही, मारहाण थांबत नाही, तिथे चित्रं कसली? प्रश्न खरा आहे. चित्रं काढताना बायका मोकळेपणी बोलू लागतात, असं उत्तर मला देता येईल, आणि ते खोटंही नाही. पण मी ते देणार नाही. उपयोग सिद्ध केल्यावरच बाईला विरंगुळा मिळणार असेल, तर तो हक्क कसला? स्त्रियांवरील भेदभाव नष्ट करण्याच्या १९७९ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तेराव्या कलमात करमणूक, खेळ आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा समान हक्क मान्य केला आहे. भारताने १९९३ मध्ये या कराराला मंजुरी दिली. हिंसा आणि संपत्तीच्या प्रश्नांवर आपण या कराराचा आधार घेतो. या कलमाची आठवण मात्र क्वचितच काढतो.

मार्कर महाग असतात. ते नसले तरी अडत नाही. पेन्सिलीचा तुकडा पुरतो. तास मात्र अख्खा हवा, आणि तो हवेतून येत नाही. त्या वेळात भात कुणीतरी लावावा लागतो, मूल कुणीतरी सांभाळावं लागतं. ते सासूवर किंवा थोरल्या मुलीवर ढकललं, तर एका बाईचा तास दुसरीच्या वाट्यातून आला.

म्हणून पुढच्या बैठकीत आपापल्या गटात दोनच प्रश्न विचारा. स्वतःसाठीचा न तुटलेला तास शेवटचा कधी मिळाला? आणि त्या वेळात घरातल्या कोणत्या पुरुषाने कोणतं काम उचललं? उत्तरं आम्हाला जरूर कळवा.