फोनला म्हातारा म्हणू नका

जुलैचा शेवटचा आठवडा होता. पीकविम्याची मुदत संपत आलेली आणि मंठ्यातल्या एका ऑनलाइन कामं करून देणाऱ्या दुकानापुढे रांग लागलेली. माझ्यापुढे तळणीकडचे एक काका उभे होते. घरूनच फोनवरून एक फॉर्म भरायचा त्यांनी दोन दिवस प्रयत्न केला होता. जिल्हा निवडला, तालुका निवडला, पण गावांची यादी उघडली की सगळं थिजायचं. बोट सरकवलं तरी यादी जागची हलायची नाही. मग एकदम दहा-बारा गावं ओलांडून उडी मारायची आणि तिला थांबवायला बोट टेकवलं की भलतंच गाव निवडलं जायचं. शेवटी स्क्रीनवर ती ओळखीची चौकट: अ‍ॅप प्रतिसाद देत नाही.

दुकानातला पोरगा हातातलं काम न थांबवता म्हणाला, "काका, फोन म्हातारा झाला तुमचा. बदला आता."

काका म्हणाले, "याच फोनवर आमचं पोरगं रातभर रील बघतंय. तवा नाही व्हय म्हातारा होत हा?"

रांगेतले सगळे हसले. मला हसता आलं नाही. अ‍ॅप बनवणं हाच माझा धंदा आहे, आणि असंच थिजणारं एक अ‍ॅप मी स्वतः बनवून दिलेलं आहे. त्यामुळे या लेखात थोडा कबुलीजबाब आहे. बाकी सगळं भांडण आहे.

काकांचा प्रश्न नीट ऐका. तोच फोन, तोच टॉवर, तोच डेटा पॅक. मराठीतलं एक अक्षर किंवा मात्रा साठवायला तीन बाइट लागतात. शंभर गावांची नावं धरली तर सगळी मिळून तीन-चार हजार बाइट होतात. एका मिनिटाच्या व्हिडिओला काही दशलक्ष बाइट लागतात. जो फोन व्हिडिओ न अडखळता दाखवतो, तो हजारपट हलकी यादी सरकवू शकत नाही, असं आपण त्या काकांना सांगतो आणि ते ऐकूनही घेतात. नवा फोन घ्यायचा विचार करतात. खोटं बोलणारे आपण आणि खर्च त्यांचा.

यादी थिजते कशी, ते समजायला कॉम्प्युटर सायन्स लागत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशीचं चहाचं हॉटेल डोळ्यांसमोर आणा. गल्ल्यावर एक माणूस बसलेला असतो. तोच ऑर्डर ऐकतो, पैसे घेतो, सुटे देतो. आता दूध संपलं म्हणून तोच उठून डेअरीवर गेला तर? हॉटेलात माणसं आहेत, चूल पेटलेली आहे, पण गल्ला रिकामा. कुणी हाक मारली तरी ओ द्यायला कुणी नाही. शहाणा मालक पोराला दुधाला पाठवतो आणि स्वतः गल्ला सोडत नाही.

अँड्रॉइड असो की आयफोन, प्रत्येक अ‍ॅपमध्ये असा एक गल्ल्यावरचा माणूस असतो. त्याला मुख्य थ्रेड म्हणतात. स्क्रीनवर चित्र उमटवणं आणि तुमच्या बोटाचा स्पर्श ऐकणं, ही दोन्ही कामं त्याचीच. साध्या फोनचा पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगतो, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी त्याच्या हाती साधारण १६ मिलिसेकंद असतात. ९० हर्ट्झच्या पडद्याला ११, १२० हर्ट्झला जेमतेम ८. एवढ्या वेळात काम झालं तर यादी पाण्यासारखी वाहते. त्याला फाइल वाचायला, डेटाबेस शोधायला किंवा फोटो उलगडायला पाठवलं की चित्र चुकतं आणि यादी अडखळते. पाच सेकंद त्याने स्पर्शाला ओ दिली नाही, की अँड्रॉइड ती चौकट दाखवतं. ही कामं मागच्या पोरांकडे, म्हणजे बॅकग्राउंड थ्रेडकडे द्यायची असतात. पोरगं दूध आणून देतं, मालक फक्त कपात ओततो. आमच्या धंद्यातला हा पहिलीतला धडा आहे.

हा धडा नवाही नाही. अँड्रॉइड ३.० आलं २०११ साली. तेव्हापासून मुख्य थ्रेडवरून कुणी इंटरनेटला हात घातला तर अँड्रॉइड ते अ‍ॅप तिथेच पाडतं.  पण फाइल वाचण्यावर, डेटाबेसवर, फोटो उलगडण्यावर अशी बंदी नाही. तिथे सगळं बनवणाऱ्याच्या विवेकावर सोडलेलं आहे. आणि जिथे विवेकावर सोडलं, तिथे आम्ही काय केलं, ते त्या काकांच्या बोटाला विचारा.

माझंच सांगतो. मी बनवलेल्या अ‍ॅपमध्ये गावांची यादी हवी होती. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून जास्त गावं आहेत. मी ती सगळी एका फाइलीत घातली. वापरणाऱ्याने तालुका निवडला, की माझं अ‍ॅप ती अख्खी फाइल मुख्य थ्रेडवर वाचायचं, त्यातून तालुक्याची गावं वेचायचं आणि लावून दाखवायचं. माझ्या पुण्यातल्या फोनवर हे पापणी लवायच्या आत व्हायचं. पुढच्या स्क्रीनवर शेताच्या फोटोंची यादी होती. आजच्या साध्या फोनचा कॅमेराही १२ मेगापिक्सेलचा असतो. असा एक फोटो पूर्ण उलगडला तर ४००० गुणिले ३००० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट, म्हणजे ४८ मेगाबाइट मेमरी. आणि दाखवायचा होता अंगठ्याच्या नखाएवढा. तेवढ्यासाठी सव्वा लाख बाइटही पुरतात. मी प्रत्येक ओळीला ४८ मेगाबाइट उलगडत होतो, तेही गल्ल्यावरच्या माणसाकडून. तक्रार आली तेव्हा मी काय उत्तर दिलं? "फोनची रॅम कमी आहे."

हे उत्तर आमच्या धंद्यात सर्रास चालतं. त्याची चार भावंडं आहेत. एकेकाला धरू.

पहिलं: नेट स्लो आहे. असेल. मंठ्यात असतंही. पण वाट बघणं आणि थिजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहिती यायला वेळ लागत असेल तर ओळीत राखाडी पट्टी दाखवा, आलेली वीस नावं आधी दाखवा, मागे जायचं बटण चालू ठेवा. एसटी उशिरा येणार असेल तर माणूस फलाटावर चहा पिऊ शकतो. त्याचे हातपाय बांधून ठेवायची गरज नसते. नेट स्लो असताना स्क्रीन मरते, याचा अर्थ बनवणाऱ्याने नेटची वाट गल्ल्यावर बसून पाहिली किंवा आलेली माहिती तिथेच निवडत बसला.

दुसरं: फोन स्वस्तातला आहे. अहो, मग स्वस्तातल्या फोनसाठीच बनवा ना. वापरणारे कोण आहेत हे तुम्हाला माहीत होतं. गूगलने तर २०१७ मध्येच एक जीबी किंवा त्याहून कमी रॅमच्या फोनसाठी अँड्रॉइडची वेगळी हलकी आवृत्ती जाहीर केली. हे ग्राहक कुणाला अनोळखी नव्हते. शेतकऱ्यासाठीचं अ‍ॅप महागड्या फोनवर तपासून सोडून देणं म्हणजे मोंढ्याचा रस्ता मोटारीत बसून पास करणं. त्या रस्त्यावरून बैलगाडी जायची आहे.

तिसरं: आम्हाला कळलंच नाही. हे तर धडधडीत खोटं. प्ले स्टोअर अ‍ॅपवाल्याला आकडे दाखवतं: कोणत्या मॉडेलच्या फोनवर अ‍ॅप किती वेळा थिजलं, किती चित्रं ७०० मिलिसेकंदांहून जास्त रेंगाळली. रोज वापरणाऱ्यांपैकी ०.४७ टक्क्यांहून जास्त लोकांना ती 'प्रतिसाद देत नाही'ची चौकट दिसत असेल, तर गूगल त्याला वाईट वर्तन म्हणतं आणि अ‍ॅप मागे ढकलू शकतं. आकडे समोर असतात. पाहायला कुणी बसत नाही, कारण कामाच्या यादीत 'नवा बॅनर लावा' असतं, 'यादी सरकली पाहिजे' नसतं.

चौथं उत्तर मात्र प्रामाणिक आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देणं लागतं. जाणता प्रोग्रॅमर म्हणेल, "बॅकग्राउंडला काम टाकलं की नव्या चुका जन्मतात." खरं आहे. लांब यादीत फोन हजार ओळी बनवत नाही. दिसतात तेवढ्या दहा-बाराच बनवतो आणि वर गेलेली ओळ खाली आणून तिच्यात नवं नाव भरतो. आता समजा वरच्या ओळीने एका गटाचा फोटो मागवला. पोरगं आणायला गेलं. तेवढ्यात तुम्ही यादी सरकवली आणि तीच ओळ दुसऱ्या गटाची झाली. पोरगं परत आलं आणि हातातला फोटो तिथेच चिकटवून मोकळं झालं. एकाच्या कपाशीवर दुसऱ्याचं सोयाबीन! थिजलेल्या यादीपेक्षा हे जास्त घातक, कारण थिजलेली यादी निदान खोटं बोलत नाही.

पण यावर उपाय आहे आणि तोही जुनाच आहे. ओळीवर मागणीचा नंबर लावा. फोटो आल्यावर चिकटवण्याआधी नंबर जुळतो का ते बघा. ओळ पडद्याबाहेर गेली तर मागणी रद्द करा. पाचशे ओळींसाठी पाचशे पोरं धाडू नका, चार ठेवा आणि त्यांनाच फिरवा. माहिती वीस-तीस ओळींच्या हप्त्याने आणा आणि बोट तळाशी पोचायच्या आत पुढचा हप्ता तयार ठेवा. हे सगळं करून देणारी तयार साधनं फुकट मिळतात. ती वापरायला दोन दिवस जादा लागतात. भांडण त्या दोन दिवसांचं आहे. बनवणाऱ्याचे दोन दिवस वाचले. तिकडे काकांचे दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशीचा रोज बुडाला, मंठ्याचं येणं-जाणं झालं, वर दुकानाचे पैसे. आणि असे काका एक नव्हेत, रांग आहे.

आता पुन्हा त्या रीलकडे येऊ. ती का अडखळत नाही? कारण तिथे अडखळणं म्हणजे कुणाचं तरी नुकसान आहे. तुमचं बोट एक क्षण थांबलं तर तुम्ही फोन खाली ठेवाल, जेवायला उठाल, झोपाल. म्हणून पुढचे व्हिडिओ तुमच्या आधी येऊन बसलेले असतात. न संपणारी यादी २००६ मध्ये एझा रास्किन याने तयार केली. लोकांचा किती वेळ त्यात गेला ते पाहून त्याने पुढे जाहीर पश्चात्तापही व्यक्त केला. मला त्यातली विसंगती टोचते. ज्या याद्या आपल्याला संपायला हव्यात, त्या लोण्यासारख्या सरकतात. ज्या याद्या आपल्याला एकदाच, पण नक्की गाठायच्या असतात, गावाची, गटाची, शिष्यवृत्तीची, बाजारभावाची, त्याच रुततात. कौशल्य तेच आणि साधनं तीच आहेत. फक्त तळणीचे काका अ‍ॅप बंद करून निघून जाऊ शकत नाहीत. त्यांना मुदत आहे. जो पळून जाऊ शकत नाही, त्याची कदर करायची गरज कुणाला वाटत नाही.

यात आपल्या लिपीचाही एक हिशेब आहे. इंग्रजी अक्षरं बहुतेक एकापुढे एक मांडली की झालं. देवनागरीत 'ष्ट्र' बसवायचं, वेलांटी व्यंजनाच्या आधी आणायची, रफार डोक्यावर चढवायचा. ही मांडणी फोन दर ओळीला करतो आणि ती जास्त खर्चिक असते. अँड्रॉइडने २०१८ साली अक्षरांची मोजणी मागच्या थ्रेडवर आधीच करून ठेवायची सोय दिली. आपल्या मराठी अ‍ॅपांनी ती आधी उचलायला हवी होती. इंग्रजीत तपासलेलं अ‍ॅप शेवटी मराठीत भाषांतरित करून सोडलं, की या खर्चाचा विचारच होत नाही.

मग करायचं काय? तुमच्यापैकी जे वापरणारे आहेत, त्यांनी एक गोष्ट करून बघा. सेटिंगमध्ये फोनची माहिती उघडून बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा. डेव्हलपर ऑप्शन उघडतील. त्यात रेंडरिंग प्रोफाइल करायचा पर्याय असतो, तो पट्ट्यांच्या रूपात चालू करा. स्क्रीनवर एक हिरवी आडवी रेघ दिसेल. साध्या पडद्यावर ती १६ मिलिसेकंदांची. यादी सरकवताना पट्ट्या रेघेच्या वर उसळल्या, तर समजा गल्ल्यावरचा माणूस उठून कुठेतरी गेलाय. त्या पट्ट्यांचा स्क्रीनशॉट काढा आणि अ‍ॅपच्या प्रतिक्रियांमध्ये फोनचं मॉडेल लिहून सांगा की यादी कुठे अडकते. "बकवास अ‍ॅप" लिहून कुणाला काही कळत नाही. आणि घरातल्या मोठ्या माणसाला "तुम्हाला जमत नाही" म्हणण्याआधी स्वतः त्याच फोनवर तेच काम करून बघा.

जे बनवणारे आहेत, त्यांना एकच सांगणं. गावी गेलात की काकांचा फोन मागून घ्या, त्यावर तुमचं अ‍ॅप टाका आणि शेतात उभं राहून, एका हाताने, उन्हात वापरा. मी ते उशिरा केलं. चाळीस हजार गावांची फाइल मुख्य थ्रेडवरून हलवायला मला अर्धा दिवस लागला, फोटोंना दीड. एवढंच काम होतं. त्याआधी किती लोकांना मी फोन बदलायला सांगितलं, ते मोजलेलं नाही.

त्या दिवशी दुकानातल्या पोराने कॉम्प्युटरवर काकांचा फॉर्म भरून दिला. काकांनी पावती घडी घालून खिशात ठेवली, मग फोन काढून एकदा पुसला. जाताना पोराला म्हणाले, "पुढच्या साली बी तुझ्याकडंच यावं लागंल का रे?"

पोराकडे उत्तर नव्हतं. ते आमच्याकडे मागायला हवं.