अस्वल, पिस्तूल आणि दोन सेकंद

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एका मित्राने विचारलं, "अस्वलासाठी पिस्तूल कुठलं घेऊ रे?" पठ्ठ्या पुण्याचा. सिंहगड, राजगड, तोरणा सगळं पायाखाली घातलेला. सप्टेंबरमध्ये बायकोबरोबर यलोस्टोनच्या आतल्या भागात चार दिवस तंबू ठोकून राहायचा बेत आहे. मला विचारायच्या आधीच त्याने एक्सेल शीट बनवली होती: वजन, गोळ्या, किंमत. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची खोडच ती!

हसू आलं, कारण काही वर्षांपूर्वी अशीच शीट मीही बनवली होती. त्यामुळे त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी कायदा. मित्र एच-१बी व्हिसावर आहे. अशा व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेत बंदूक जवळ बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नयेत. इथे चूक झाली तर अस्वल राहील बाजूला, ग्रीन कार्डच जायचं. दुसरं म्हणजे, २२ फेब्रुवारी २०१० पासून नॅशनल पार्कमध्ये त्या-त्या राज्याच्या कायद्यानुसार बंदूक नेता येते, पण ती झाडायला मनाई कायम आहे.

आता ज्यांना कायद्याची अडचण नाही (माझ्याकडे तेव्हा ग्रीन कार्ड होतं) त्यांच्या शीटबद्दल. बहुतेकांची यादी दोन नावांवर येऊन थांबते. एक, पॉइंट ४४ मॅग्नमची रिव्हॉल्व्हर. १९५५ सालापासूनची, सहा गोळ्या, भरली की किलोच्या वर वजन. दुसरं, १० मिलिमीटरचं ग्लॉक २०. गोळ्या पंधरा, धक्का कमी, दणका ४४ पेक्षा थोडा हलका. २००३ साली आलेली पॉइंट ५०० मॅग्नम याहूनही दांडगी, पण पाच गोळ्यांची आणि मनगटाची परीक्षा पाहणारी. गोळी मात्र टणक शिशाची, चपट्या नाकाची घ्यायची. माणसापासून बचावासाठी विकतात त्या पोकळ टोकाच्या गोळ्या आत शिरल्यावर फुलतात आणि लवकर थांबतात. ग्रिझलीच्या जाड स्नायू-हाडांतून आत पोचायला खोल जाणारी गोळी लागते.

इथवर शीट बरोबर असते. चूक आहे ती शीटमध्ये नसलेल्या रकान्याची.

ग्रिझली तासाला सुमारे ५६ किलोमीटर वेगाने धावू शकते, म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. झाडीतून ती तीस मीटरवर दिसली तर हातात दोन सेकंद. तेवढ्यात ओळखायचं, होल्स्टरमधून काढायचं, नेम धरायचा आणि झाडायचं. मी रेंजवर भाड्याची ४४ घेऊन गेलो होतो. सात मीटरवर कागदाचं लक्ष्य, जागचं हलत नव्हतं, कोणी गुरगुरत नव्हतं. पहिली गोळी ठीक. दुसऱ्या गोळीला धक्क्याच्या भीतीने हात आधीच खाली गेला, तिसरी कागदाच्या बाहेर. अस्वलाने काय माझी वाट बघायची?

अलास्कातल्या घटनांवर टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांचे दोन अभ्यास आहेत. २००८ च्या अभ्यासात मिरचीच्या स्प्रेने नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा तपकिरी अस्वलांना आवरलं. २०१२ च्या अभ्यासात, २६९ घटनांपैकी जिथे पिस्तूल-रिव्हॉल्व्हर वापरली तिथे ८४ टक्के वेळा यश आलं. लगेच "९० मोठे की ८४?" म्हणून भांडू नका. पहिल्या अभ्यासात नुसती हुंगत आलेली अस्वलंही आहेत, दुसऱ्यात चवताळलेली जास्त. दोन्ही आकडे एका तराजूत बसत नाहीत. मला पटलं ते वेगळंच: बंदूक जवळ असून ज्यांनी झाडली आणि ज्यांनी झाडली नाही, त्यांच्या इजेत फरक दिसला नाही. म्हणजे नुसती कमरेला असणं हे संरक्षण नव्हे.

स्प्रेला नेम लागत नाही, ढग लागतो. आठ-नऊ मीटरवर समोर भिंत उभी राहते. त्याचेही दोष आहेत. वारा उलटा असला तर प्रसाद आपल्याला, डब्याला मुदत असते, विमानात नेता येत नाही, आणि योसेमिटीसारख्या पार्कात तर चालतच नाही. आणि सॅकच्या तळाशी ठेवलेला स्प्रे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

मग पिस्तूल घेणारे सगळे मूर्ख का? मुळीच नाही. अलास्कात एकटा काम करणारा, दर महिन्याला शेकडो गोळ्या झाडून सराव करणारा माणूस दोन्ही बाळगतो, आणि ते बरोबरच आहे. त्याने तोफ निवडू नये, दुसरी गोळीही जागेवर लागेल ते पिस्तूल निवडावं, एवढंच माझं मत. वर्षातून चार दिवस जंगलात जाणाऱ्या आपल्यासारख्यांचं गणित वेगळं आहे. माझ्या शीटचा निकाल बायकोने एका वाक्यात लावला होता: "चार दिवस अस्वलासाठी. उरलेले ३६१ दिवस ते घरात कुठे ठेवणार?" मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही.

मित्राला म्हटलं, माणशी एक स्प्रे घ्या, छातीच्या पट्ट्याला लावा. सरावाचा रिकामा डबा मिळतो, तो घेऊन घरामागे बायकोला अस्वल व्हायला सांग आणि खटका काढायचा सराव कर. खाणं तंबूपासून लांब, खांबाला टांगून ठेव. वळणावर मोठ्याने बोलत जा. अस्वल दिसलं तर शंभर यार्डाच्या आत जाऊ नका आणि काही झालं तरी पळू नका.

त्याने शीटमध्ये "सराव" असा नवीन रकाना घातला. पिस्तुलाच्या सगळ्या ओळींसमोर शून्य लिहावं लागलं, आणि मग त्याने ती फाइल बंद केली.